सुताबाहेरची सात घरं

गेल्या तीस वर्षांत मारोतरावांनी शिवेच्या दगडाला तीस वेळा कान लावला होता, आणि तीसही वेळा त्यांना कानात शिरू पाहणाऱ्या मुंगळ्याखेरीज कोणी भेटलं नव्हतं. एक बाप सोडला तर ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. सांगण्यासारखी असती तर बापानं आपल्याला सांगितली नसती का, असं ते मनाशी म्हणत.

भोरखेडात दर आषाढात गावाला सूत बांधतात. आदिलाबादेहून कच्च्या सडकेनं सहा कोस गेलं की हे गाव लागतं. गावातल्या पाच सवाष्णी आपापल्या शेतातल्या पहिल्या वेचणीच्या कापसाचं सूत काततात, ते हळदीत बुडवतात आणि त्याचा नारळाएवढा गुंडा करतात. मानकरी घरातला कर्ता माणूस तो गुंडा घेऊन वेशीतल्या मारुतीपासून निघतो. पळसाला एक वेढा, सीताफळीला एक वेढा, असं करत शिवेशिवेनं सगळ्या गावाभोवती फिरतो आणि पुन्हा वेशीत येऊन गाठ मारतो. गाठ बसली की दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत सूत ओलांडायचं नाही. आतला आत, बाहेरचा बाहेर. मग वर्षभर पटकी, देवी, जनावरांचं खुरकूत, काही म्हणून शीव ओलांडत नाही, असा गावाचा विश्वास.

अर्ध्या वाटेवर, नाल्याच्या काठी, शेंदूर लावलेला दगड आहे. तिथं सगळे थांबतात. मानकरी गुडघे टेकून दगडाला कान लावतो आणि देव काय बोलला ते उठून गावाला सांगतो.

मारोतराव काय सांगत? ज्वारी बरी होईल. पोरं सांभाळा. उतरत्या पाण्यात बैल घालू नका. यातलं बहुतेक खरंच ठरे, कारण भोरखेडात ज्वारी बहुधा बरी होई आणि पोरं तर कुठंही सांभाळावीच लागतात. पण रझाकारांच्या धामधुमीत एकदा मामला कठीण आला. अर्धं गाव गाड्या जुंपून नदीपलीकडे वऱ्हाडात पळायला निघालं होतं. लोकांनी विचारलं, जावं का राहावं? मारोतरावांची बायको देवकाबाई तेव्हा शेवटच्या खेपेला दिवस भरत आलेली. तिला गाडीत घालून नेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यांनी दगडाला कान लावला, आत शुकशुकाट होता, आणि उठून म्हणाले, "देव म्हनते, घरीच ऱ्हा." गाव राहिलं. आजूबाजूची दोन गावं लुटली गेली, भोरखेडाच्या वाटेला कोणी फिरकलं नाही. पुढं दोन महिन्यांत पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि मारोतरावांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द अशी ख्याती पार जैनथच्या बाजारापर्यंत पोचली. लोक पायांवर डोकं ठेवू लागले. अशा वेळी मारोतराव आकाशाकडे बघत उभे राहत. लोकांना ते ध्यान वाटे. त्यांना खरं म्हणजे लाज वाटत असे.

देव नाही, असंही त्यांना कधी ठामपणे म्हणता आलं नाही. पाच वर्षांचे असताना बापानं, महिपतरावांनी, त्यांना बासरला नेऊन सरस्वतीपुढं पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं. तेव्हा गोदावरीवर धुकं होतं, आणि त्या धुक्यात कोणीतरी उभं आहे असं त्यांना लख्ख वाटलं होतं. कोण, ते दिसलं नाही. आयुष्यभर मारोतराव त्या काठावरच राहिले. समोर कोणी आहे म्हणावं तर दिसत नाही, नाही म्हणावं तर धुकं हलतं.

आणि बाप? थकलेल्या बापानं गुंडा हाती दिला त्या पहिल्या वर्षी, दगडापासून उठल्यावर मारोतरावांनी त्यांना हळूच म्हटलं होतं, "बाबा, मले काहीच आयकू नाई आलं." महिपतरावांनी त्यांच्या गुडघ्यांची माती झटकली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी आयक." पुढच्या वर्षापर्यंत बाप राहिलाच नाही. त्याला ऐकू येत होतं की नाही, हे विचारायचं राहून गेलं.

आता हे यंदाचं वर्ष. आदल्या कार्तिकात राज्यं नव्यानं आखली गेली. भोरखेड आंध्रात राहिलं आणि नाल्यापलीकडचा किनवट तालुका मुंबई राज्यात गेला. नाल्यापलीकडे भोरखेडाचीच सात घरं होती. सातघर म्हणत त्या वस्तीला. शेतं एक, देव एक, सोयर-सुतक एक, सूतही एकच. मानकरी नाला ओलांडून त्या सात घरांना वळसा घालून परत येई. हिवाळ्यात मोजणीवाले आले. त्यांचा साहेब छडीनं दाखवत तेलुगूत "इटु" म्हणे, "अटु" म्हणे, आणि माणसं चुना फासलेले दगड नाल्याच्या काठानं पुरत जात. आठ दिवसांत इकडचं इकडे आणि तिकडचं तिकडे झालं. सातघरच्या कोंबड्या तेवढ्या दोन्ही राज्यांत चरत राहिल्या.

त्या सात घरांपैकी एका घरात मारोतरावांची मुलगी मनकर्णा दिली होती. यंदा सुताच्या दिवशी ती नवव्या दिवसाची बाळंतीण होती.

आणि याच आषाढात किनवटकडून पटकीची बातमी आली.

अमृतराव पाटलांनी पारावर गाव जमवलं. पाटील वाईट माणूस नव्हे. पटवाऱ्यानं सांगितलेलं गावाला सांगावं आणि गावानं सांगितलेलं पटवाऱ्याला, एवढंच त्यांना येत होतं. ते म्हणाले, "सरकारनं शीव बदलली. आता सूत कोन्या शिवेनं जाईन? जुन्या का नव्या? पटकी तिकडूनच येऊन राह्यली. पलीकडच्यायले सुतात घेतलं तं पटकीच घरात घेतल्यावानी होईन." कोणी म्हणालं, सातघरचे आपलेच. कोणी म्हणालं, आपले होते. वाद वाढला तेव्हा सगळ्यांनीच एकदम म्हटलं, देव सांगंल. मारोतरावांनी मान डोलावली. त्यांच्या मनात उत्तर तयार होतं. यात अवघड ते काय! देव म्हणतो जुनीच शीव धरा, एवढं एक वाक्य. एकदा बायकोसाठी खोटं बोललो, आता लेकीसाठी बोलू.

सुताच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून होतं, पण पाऊस नव्हता. वारा पडलेला. डफडं वाजत होतं, पण कापसाच्या ढिगाखाली पुरल्यासारखा त्याचा आवाज येत होता. देवकाबाई मारोतरावांच्या मागं हळदीचं ताट घेऊन चालत होत्या. त्यांच्या कमरेला सुंठीच्या लाडवांचं गाठोडं होतं. जुन्या वाटेनं सूत सातघरला गेलं की लेकीला ते द्यायचे, असा त्यांचा हिशेब. देवकाबाईंची श्रद्धा म्हणजे चोवीस कॅरट. सूत ओलांडणाऱ्याचं काय होतं हे त्या दरवर्षी सुनांना सांगत. गावातल्याच फकिराचा काका बिथरलेल्या बैलामागं सुतावरून उडी मारून गेला आणि दिवाळी पाहिली नाही त्यानं. ही ऐकीव गोष्ट नव्हती, त्यांच्या डोळ्यांदेखतची होती.

मारोतराव चालत होते. पळस, सीताफळी, मोह, बोर. प्रत्येक झाडाशी हात आपोआप वेढा घालत होता. दरवर्षी या वाटेवर त्यांना एक प्रकारची गुंगी येई. गेल्या सगळ्या वर्षांची सुतं अजून तिथंच ताणलेली आहेत, बापाचं, आज्याचं, त्याच्याही बापाचं, आणि आपण त्या पिवळ्या कुंपणातून वाट काढत चाललोय असं वाटे. आज तर बाप दोन पावलं पुढं चालतोय असंच दिसत होतं. त्याच्या धोतराचा काष्टा, टाचांच्या भेगा. मारोतरावांना हाक मारायची होती. बाबा, तुमाले आयकू येत होतं का? पण मानकऱ्यानं वाटेत बोलायचं नसतं, आणि मेलेल्या माणसानंही बहुधा नसावं.

नाल्याकाठी दगड आला. डफडं थांबलं. मारोतरावांनी गुडघे टेकले आणि कान लावला.

दगड गार होता. आत शांत होतं. मग त्या शांततेतून काहीतरी घुमू लागलं. नाल्याचं पाणी असेल, अंगातलं रक्त असेल, कुठं दूर जातं चाललं असेल. ते इतकं गोड होतं की तिथंच झोप लागावी. तू आहेस का, असं त्यांनी त्याला मनात विचारलं. घुमणं तसंच चालू राहिलं. आहे म्हणालं नाही, नाही म्हणालं नाही. मारोतरावांनी डोळे मिटले आणि तयार ठेवलेलं वाक्य जिभेवर घेतलं.

डोळे उघडले तर समोर सोजरबाई उभी.

सोजरबाई ऐंशीच्या घरातली. मागच्या साली तिचा एकुलता नातू पटकीनं गेला होता. सुताच्या आत, स्वतःच्या घरात, दोन दिवसांत. आणि त्याच्या आधी पंधरा दिवस याच दगडापासून उठून मारोतरावांनी सांगितलं होतं, यंदा पटकी शिवेबाहेरच राहील. तेव्हापासून ती कोणाशी बोलत नव्हती. आज बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळेच ते सहन होईना.

"मारोता," ती म्हणाली, "आता देव काय म्हनते ते मागून सांग. पह्यले मले एक सांग. मागल्या साली तो खरंच बोलला होता का? का माह्या पोराचंच काही चुकलं? मी सालभर इचारून राह्यली स्वताले, आपलं काय चुकलं म्हून."

मारोतरावांनी तोंड उघडलं. एक शब्द पुरे होता. हो म्हटलं की पुढचं सगळं सोपं. सूत नाला ओलांडणार, मनकर्णा आत, तिचं बाळ आत. पण हो म्हटलं की ही म्हातारी मरेपर्यंत आपलंच चुकलं म्हणून झुरणार. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तीस वर्षं गिळलेलं बाहेर आलं.

"नाई बोलला, माय. मागल्या साली नाई, त्याच्या आधी नाई, आजबी नाई. मले कधीच काही आयकू नाई आलं. देव हाये का नाई, मले ठाऊक नाई. मी आपल्या मनचं सांगत होतो. तुह्या पोराचं काही चुकलं नाई."

सोजरबाई मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. वर्षभरात पहिल्यांदा. देवकाबाईंच्या हातातलं ताट कलंडलं आणि हळद गवतावर सांडली.

मारोतराव घाईघाईनं म्हणाले, "तरी मी सांगतो, जुन्याच शिवेनं जाऊ. सातघर आपलंच हाये. हे देव नाई म्हनत, मी म्हनतो."

पण आता त्यांचं कोण ऐकतो! देवाचा निरोप्या म्हणून ज्याला मान, त्यानंच निरोप नव्हता म्हणून सांगितल्यावर तो फक्त नाल्यापलीकडे लेक दिलेला एक बाप उरला. अमृतराव पाटलांनी खाली बघत त्यांच्या हातातला गुंडा काढून घेतला. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. "तुमाले आयकू येत नसंन," ते म्हणाले, "तं ज्याले येते त्याच्या हाती देऊ." गुंडा फकिराकडे गेला. फकिरा सरळ, भाबडा गडी. अंगावर गार पाणी पडलं तरी त्याच्यात संचार व्हायचा. त्यानं दगडाला कान लावला आणि तो खरोखर थरथर कापू लागला. डोळ्यांतून पाणी आलं. "चुन्याच्या दगडानं जा म्हनते," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता बिचारा. मारोतरावांना त्याचा हेवा वाटला.

डफडं पुन्हा सुरू झालं. सूत नाल्याच्या अलीकडच्या काठानं निघालं. पलीकडे सातघरची माणसं दहीभाताची पानं घेऊन उभी होती. दरवर्षी सूत आलं की देवाला दाखवायची पानं. आपल्याकडे न वळता सूत काठाकाठानं जातंय हे त्यांना हळूहळू कळलं. एका बाईनं पान तिथंच जमिनीवर ठेवलं.

मारोतराव ते बघत उभे होते. एका शब्दानं सात घरं आत आली असती. खरं बोलून पुण्य मिळतं की नाही ठाऊक नाही, पण त्या खऱ्याची किंमत आज त्यांच्या ऐवजी तिकडची पोरं मोजणार होती, आणि हे त्यांना सहन होत नव्हतं. एका म्हातारीच्या काळजातला दगड उचलला आणि तो लेकीच्या दारात ठेवला. त्यांनी धोतर खोचलं. सूत अजून पुढच्या पळसाला पोचायचं होतं. ते नाल्यात उतरले.

"कोठी चालले?" देवकाबाईंनी विचारलं.

"तिकडं."

"गाठ पडली म्हंजे उद्यालोक आत येता येनार नाई तुमाले. आन मानकऱ्यानं बाहीर ऱ्हानं म्हंजे..."

"मी आता मानकरी कोठी हावो," मारोतराव म्हणाले. पाणी मांड्यांपर्यंत होतं. देवकाबाईंनी तरी मागं वळून किती बघायचं! मिरवणूक पुढं गेली, फकिराच्या बायकोनं सांडलेल्या ताटात नवी हळद घातली आणि देवकाबाईंना दंडाला धरून चालवत नेलं.

मनकर्णा बाजेवर होती. खाली शेगडी, शेजारी बाळ. आत पुरुषमाणसानं जायचं नसतं, म्हणून मारोतराव उंबऱ्याबाहेर ओसरीवर टेकले.

"आपल्याले बाहीर टाकलं ना, बाबा?" ती आतून म्हणाली.

"माह्यामुळं."

त्यांनी सगळं सांगितलं. बाळ कुरकुरलं, तिनं त्याला पाजायला घेतलं. मग म्हणाली, "मी लहान होती तवा तुमी सुताच्या दिवशी सांजेले जेवत नव्हते. माय म्हने, देवाशी बोलून आले, जेवन कसं जाईन. मले वाटे, बाबा घाबरले हायेत." ती हसली. मारोतरावांचे डोळे भरून आले. तीस वर्षांत एका माणसाला तरी ते दिसलं होतं.

दुपार तशीच रेंगाळली. ढगांच्या सावल्या शेतावरून जात होत्या. नाल्यावरून, चुन्याच्या दगडांवरून इकडून तिकडे जात होत्या, त्यांना कोणी अडवत नव्हतं. मारोतरावांना डुलकी लागली. डुलकीत ते सूत घेऊन चालत होते आणि सूत संपतच नव्हतं. किनवट, माहूर, बासर, सगळ्याला वेढा घालून झाला तरी गुंडा नारळाएवढाच. शेवटी ते दमून बसले आणि पाहिलं, तर गुंड्याचं दुसरं टोक धरून बाप बसला होता. त्यालाही काही ठाऊक असल्यासारखं दिसत नव्हतं. दोघं एकमेकांकडे बघून ओशाळं हसले.

वेशीकडून शंख वाजला तशी त्यांना जाग आली. गाठ बसली होती. सूर्य कलला होता. नाल्यापलीकडे पळस आणि सीताफळी यांच्यामध्ये सूत गुडघ्याएवढ्या उंचीवर पिवळं दिसत होतं. एवढंसं सूत, वासराच्या शेपटीनं तुटेल इतकं. मारोतरावांची नजर मात्र त्याच्यावरून हटेना. खरंच काही असलं तर? बापाला खरंच ऐकू येत असलं तर? आपण बाहेर, पटकी बाहेर, हे नऊ दिवसांचं पोर बाहेर. ठाऊक नाही, असं म्हणणं दिवसा सोपं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर देवकाबाई आल्या. एकट्याच.

सुताजवळ येऊन त्या थांबल्या. गाठोडं खाली ठेवलं. हात जोडले, वाकून सुताला कपाळ टेकवलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या. ओठ हलत होते. मारोतराव ओसरीवरून उठून काठापर्यंत धावले. "नको," ते ओरडले, "थांब! सकाळी ये!" त्यांना स्वतःचंच नवल वाटलं. ज्या सुतात काही आहे की नाही हे ठाऊक नाही, त्याच्यावरून आपण तिला अडवतोय.

देवकाबाईंनी मान वर केली. चेहरा पांढरा पडला होता. फकिराचा काका, ती दिवाळी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढं होतं हे या काठावरूनही कळत होतं. त्यांनी गाठोडं डोक्यावर घेतलं, लुगडं वर खोचलं, एक पाय सुतावरून टाकला. मग दुसरा. सूत हललंही नाही. त्या पाण्यात उतरल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या बांगड्या एवढ्या किणकिणत होत्या की पाण्याच्या आवाजातही ऐकू येत होत्या.

मारोतरावांना तिथंच बसावंसं वाटलं. आपण गाठ पडायच्या आधी आलो. आणि आलो ते ठाऊक नसलेला माणूस म्हणून. हिला सगळं ठाऊक होतं. वर्षभरात आपण मरणार, हे तिला उद्या सूर्य उगवणार इतकं नक्की ठाऊक होतं, आणि ती लाडू घेऊन आली होती. तीस वर्षं एकाच घरात राहून आपण दगडाला कान लावत बसलो, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी पुढं होऊन हात दिला. तिचा हात बर्फासारखा गार होता. दोघं ओसरीपर्यंत आली. आतून मनकर्णानं "माय?" अशी हाक मारली आणि रडू लागली.

"रडू नोको, दूध आटंन," देवकाबाई म्हणाल्या. मग मारोतरावांकडे वळून, "सरका जरा. मी ओली हावो, पोराले वारा लागंन. कोरडं लुगडं पाहा कोठी हाये ते."